आतली कडी

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. हे मी लाजत सांगत नाही आणि मिरवायला म्हणूनही सांगत नाही. पुढं जे लिहायचं आहे त्यात ही पदवी मध्ये येते, म्हणून आधीच सांगून टाकलं. बी.ए. केलं, मग बी.एड., आता लातूरच्या एका हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवते. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गल्लीत आजही कुणाच्या घरी सरकारी कागद आला की तो माझ्यासाठी जपून ठेवलेला असतो. "शनवारी ती येती, तिला दावू," म्हणतात.

ही पदवी मला मिळाली ती आक्कामुळं. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा ती सातवीत होती. माय दिवसभर रानात, घरी मला सांभाळायला कुणी नाही, म्हणून आक्काची शाळा सुटली. माझी वेणी, माझा डबा, माझी पाटी सगळं तिनं केलं. अक्षरही तिनंच गिरवून घेतलं. दादा मधला. त्याला शाळेची गोडी नव्हती, तो लवकर कामाला लागला. मी तेवढी शिकत राहिले.

आक्काला नायगावकडं दिली होती. बारा वर्षं ती तिकडं नांदली आणि तिकडंच तिनं पहिल्यांदा जीव द्यायचा प्रयत्न केला. लोक आधी विचारतात कसा, मग विचारतात का. पहिल्याचं उत्तर मला द्यायचं नाही आणि दुसऱ्याचं माझ्याकडं नाही. मूल झालं नाही हे खरं. सासू बोलायची हेही खरं. पण मूल नसलेल्या, सासू बोलणाऱ्या बाया आमच्या गल्लीत आणखीही आहेत आणि त्या जगून राहिल्यात. डॉक्टर याला आजार म्हणतात. मीही आता तेच म्हणते.

दुसऱ्या वेळी नांदेडच्या दवाखान्यातून तिला सोडलं, त्या दिवशी सासरच्यांनी जीप केली आणि ती नायगावच्या रस्त्याला न लावता सरळ आमच्या दारात आणली. दोन पिशव्या ओट्यावर ठेवल्या. दीर म्हणाला, "आमी लई सांभाळलं. आता तुमचं माणूस तुमी बघा." मायनं चहा ठेवला होता. तो उकळेपर्यंतही ते थांबले नाहीत.

पुढच्या वर्षभरात लातूरच्या दवाखान्यात दोनदा भरती झाली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी दादाला आणि मला समोर बसवलं. आक्का बाहेर बाकावर वैनीजवळ होती.

"हिचा विचार जात नाही," डॉक्टर म्हणाले. "कमी होतो, वाढतो, पण मुक्कामाला असतो. वाढला की इथं आणायचं. पंधरा-वीस दिवसांत उतरला की घरी न्यायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत. फवारणीची औषधं कुलपात ठेवायची आणि किल्ली घरात ठेवायची नाही. बाकी तिला माणसांत ठेवा."

दादा म्हणाला, "घरी ठिवल्यावर काय झालं तर जिम्मेदारी कुनाची?"

डॉक्टर पेन फिरवत बसले. मग म्हणाले, "सगळ्यांचीच थोडी थोडी."

दादाला हे उत्तर पटलं नाही. त्याला एक माणूस पाहिजे होता, ज्याच्याकडं बोट दाखवता येईल. परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, "तिकडं लांब मोठा सरकारी दवाखाना हाय म्हनं येड्यांचा. तिथं कायमचं ठिवून घेतात. निदान जित्ती तर राहील."

मी म्हणलं, "मी आहे ना. मी लावते सगळं."

आणि मी लावलं. शाळेच्या ड्रॉइंगच्या कागदावर पट्टीनं रेघा मारून वेळापत्रक केलं, आमच्या स्टाफरूममध्ये असतं तसं. आडवे सोमवार ते रविवार, उभे सकाळ आणि दुपार. प्रत्येक रकान्यात आक्काजवळ कुणी बसायचं त्याचं नाव निळ्या स्केचपेननं. माय, वैनी, दादा, शेजारच्या तिघीजणी आणि समोरच्या घरातली काकू. काकू आमच्या नात्यातली नाही, पण आम्ही तिच्या अंगाखांद्यावर वाढलो. शुक्रवार अख्खा काकूचा, कारण शुक्रवारी तिचा उपास असतो आणि ती रानात जात नाही. खाली लाल पेननं नियम. न्हाणीची, खोलीची, आतल्या सगळ्या कड्या काढणे. विळी, कोयता वर ठेवणे. औषधांच्या लोखंडी पेटीला कुलूप, किल्ली काकूकडे. आक्काला एकटे सोडू नये.

गल्ली एका शब्दावर तयार झाली. हे मला आजही मोठं वाटतं. कुणी म्हणालं नाही की आम्हाला कामं आहेत. उलट वेळापत्रक बघायला माणसं आली. "शिकलेलं माणूस घरात असलं की असं व्हतंय," एकजण म्हणाला. मी भिंतीला कागद चिकटवत होते. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आक्का मागं येऊन उभी राहिली. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे, तिला वाचता येतं, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच नव्हतं. तिनं सगळा कागद वाचला, वरून खालपर्यंत, लाल अक्षरंसुद्धा.

"बरं लिव्हलंस," ती म्हणाली. "अक्षर अजून माझ्यासारखंच हाय."

सात महिने ते वेळापत्रक चाललं. एकही रकाना चुकला नाही. काकू धान्याचं सूप घेऊन यायची आणि निवडत बसायची. आक्का तिला म्हणायची, "काकू, मी काय हरभरा हाय व्हय, राखन बसवायला?"

"हरभऱ्याला तोंड नसतंय. तुला हाय."

"मग निवडू दे मला बी."

"निवड की. पर हितंच बस."

काकू निवडायला द्यायची. बाकीच्या काहीच द्यायच्या नाहीत. त्यांचा दोष नाही, नियम माझे होते. विळी नको, चूल नको, आडावर नको. ज्या बाईनं अख्खं घर ओढलं तिचे हात सात महिने मांडीवर पडून होते. मी शनिवारी गेले की ते हात दिसायचे. मी मायला विचारायचे, "गोळ्या घेते ना?" माय म्हणायची, "हाव." मी वहीत बरोबरची खूण करायचे.

न्हाणीला कडी नव्हती. आक्का आंघोळीला गेली की वैनी दारापाशी उभी राहायची आणि दर मिनिटाला विचारायची, "आक्का, हाव का?" आतून उत्तर यायला पाहिजे, "हाय." उत्तर नाही आलं की वैनी दार ढकलायची. तिलाही ते आवडत नव्हतं. एकदा ती मला म्हणाली, "मॅडम, तुमी लिव्हून गेलात. दार ढकलायचं मला असतंय." मला राग आला होता. मी म्हणलं होतं, "मग काय करू, मरू देऊ?"

मग येळवस आली.

आमच्याकडची वेळा अमावस्या ज्यांनी बघितली नाही त्यांना एवढंच सांगते की त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, करायची, पूजा करायची, हरभरा-तुरीचे दाणे घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. वाटेनं जाणारा अनोळखी माणूस दिसला तरी त्याला हाका मारून बसवायचं आणि खाऊ घालायचं. लातूर शहरसुद्धा त्या दिवशी ओस पडतं, शाळेला सुट्टी असते.

दोन दिवस आधी मी दादाला फोनवर सांगितलं, "आक्काला रानात नेऊ नका. आपल्या विहिरीला कठडा नाही. घरीच असू दे."

"अन् तिच्याजवळ कोन?"

"वेळापत्रक बघ. शुक्रवार आहे. काकू आहे."

दादा म्हणाला, "बरं."

ही चूक माझी. गावात राहणाऱ्या कुठल्याही बाईनं ती केली नसती, ज्या बाईनं शाळेच्या भिंतीवरचे वार बघून जगायची सवय लावून घेतली तिनंच केली. येळवशीला वार नसतो. त्या दिवशी शुक्रवारही नसतो आणि उपासही नसतो.

सकाळी दादा आणि माय बैलगाडीतून सामान घेऊन पुढं गेले. वैनी शेवटची निघाली. काकूचं दार उघडं दिसलं, शुक्रवार तिचा, म्हणून ती निर्धास्त गेली. काकूनं आमची गाडी भरून जाताना पाहिली होती. तिला वाटलं आक्का गाडीत आहे. येळवशीला घरचं माणूस घरी ठेवतात हे तिच्या ध्यानातच यायचं कारण नव्हतं. तीही दाराला कुलूप घालून लेकाच्या रानात गेली.

मी बसनं फाट्यावर उतरून सरळ रानात पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कोपीपुढं पंगत बसत होती. माझ्या मागोमागच काकूही लेकाच्या रानातून आमच्या कोपीला जेवायला आली. आंबिलीचा तांब्या तिच्या हातात होता. मी तिला बघितलं आणि विचारलं, "काकू, तू इथं? आक्काजवळ कोण?"

काकू म्हणाली, "म्हंजे? आक्का आली न्हाई व्हय?"

वैनीनं तोंडाला पदर लावला. दादा शेजारच्या रानातल्या एकाच्या मोटारसायकलीकडं पळाला, मी त्याच्या मागं बसले. रान ते गाव दोन-अडीच किलोमीटर. वाटेत दोन ठिकाणी कोपीतल्या माणसांनी हात केले, "या, या, जेवून जावा." आम्ही थांबलो नाही. दादा गाडी चालवताना एकसारखा म्हणत होता, "तू म्हनलीस न्यायचं न्हाई. तू म्हनलीस." मी त्याच्या पाठीला धरून होते.

गावात आवाज नव्हता. दारोदार कुलपं. आमचं दार नुसतं लोटलेलं.

आक्का अंगणात उन्हात बसली होती. केस ओले, पाठीवर मोकळे सोडलेले. पुढं ताटलीत भाकरी, कांदा आणि ठेचा. वर ठेवलेली विळी खाली काढलेली होती, धुवून भिंतीला टेकवलेली.

आम्हाला बघून ती म्हणाली, "एवढ्या लौकर आलात?"

दादा उंबऱ्यावर बसला तो बसूनच राहिला. मी तिच्याजवळ गेले. मी विचारलं, "जेवलीस?"

"जेवतीय की." तिनं घास मोडला. "आज किती दिसांनी कुनाला ओ न देता आंगुळ केली. दोन बादल्या पानी घेतलं."

थोड्या वेळानं तिनं आपणहून सांगितलं, आवाज न बदलता. "पेटीपाशी बी गेले व्हते. कुलूप व्हतं. बसले तिथंच लई वेळ. मग भूक लागली." मग दादाकडं बघून म्हणाली, "ते कुलूप हाय ते बरं हाय. किल्ली कुठं हाय ते मला सांगू नका. कवाच सांगू नका."

दादा रडला. मी त्याला कधीच रडताना पाहिलं नव्हतं.

मागून काकू आली, अडीच किलोमीटर चालत, अनवाणी. चपला कोपीपाशीच राहिल्या होत्या. तिनं आधी आक्काच्या गालावरून हात फिरवला, मग माझ्याकडं वळली. "वाटंवरच्या मानसाला हाका मारून जेवू घालतो आपन आज. अन् तू आपल्या मानसाला घरी ठिवाय सांगितलंस? एवढी शाळा शिकून?"

मी तिच्या पायांवर पाणी घालायला तांब्या आणला.

दादाचं मात्र ठरलं. सोमवारी तो आक्काला घेऊन लातूरला आला, त्या लांबच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी घ्यायला. माझी शाळा सुटेपर्यंत दोघं दवाखान्याच्या बाकावर बसून होते. मला वाटलं होतं मी भांडेन. पण येळवशीनंतर कुठल्या तोंडानं भांडणार होते? आत गेल्यावर दादानं सगळं सांगितलं, पेटीचंसुद्धा. "आता आमच्यानं व्हत न्हाई सायेब. चिठ्ठी द्या."

डॉक्टर दादाशी बोलले नाहीत, आक्काशी बोलले. "पेटीपासून उठून तुम्ही भाकरी केली. का?"

"तिथं कोन बगत नव्हतं," आक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"घरात सारे माझ्याकडं असं बगतात, की मी आता मरनार. मला बी मग तेच दिसतंय. येळवशीला कोनच नव्हतं. मग भूक दिसली."

डॉक्टर म्हणाले, "पण कुलूप नसतं तर?"

आक्कानं खोटं बोलायचं ठरवलं असतं तर तेव्हाच बोलता आलं असतं. दादानं मागितलेली चिठ्ठी तिनं एका वाक्यात टाळली असती. ती म्हणाली, "तर मी हितं नसते."

त्यावर बराच वेळ बोलणं झालं. मी पहिल्यांदाच त्या खोलीत गप्प होते. शेवटी डॉक्टरांनी तिलाच विचारलं की घरी राहायचं तर कसं राहायचं. तिनं सांगितलेलं मी वहीत लिहिलं नाही, तरी शब्दनशब्द लक्षात आहे. कुलूप राहू दे. घरातली कामं तिला द्या. न्हाणीला आतून कडी पाहिजे. आणि काकूनं राखणीला यायचं नाही, आक्का स्वतः रोज सकाळी काकूकडं जाईल.

"कशाला?" दादानं विचारलं.

"इरजन मागायला."

दादा म्हणाला, "दोन म्हशी हायेत घरी. इरजनाला काय तोटा?"

"मग नुसती जाऊन काय सांगू, की मी जित्ती हाय म्हनून?"

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली नाही. कडीबद्दल मात्र ते अडले. मग म्हणाले, कडी लावा, पण दाराच्या वर हात जाईल एवढी फट ठेवा आणि कडी वरच्या अंगाला बसवा, म्हणजे वेळ आली तर बाहेरून काढता येईल. हे त्यांनी आक्कासमोरच सांगितलं. लपवून काही ठेवायचं नाही, म्हणाले. आणि विचार वाढला की तिनं सांगायचं, सांगितल्यावर घरच्यांनी रडारड न करता तिला घेऊन यायचं.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "मी न्हाई लावनार. उद्या काय झालं तर माझ्या हातची कडी असंल ती." त्याचं बरोबर होतं. सुताराला बोलवायचं तर त्याला काय सांगणार? मग दार वरून मीच कापलं, वेडंवाकडं, आणि कडी मीच बसवली. वेळापत्रक भिंतीवरून काढलं. गोंदाबरोबर चुन्याचा पोपडा निघाला, तो चौकोन अजून दिसतो.

तेव्हापासून आक्का रोज सकाळी वाटी घेऊन काकूकडं जाते. काकू चमचाभर विरजण घालते आणि काहीतरी बोलते. "काल लई आंबट झालं म्हनं दही," किंवा "नाक पूस." घरी ते विरजण कामाला येतं की नाही, कुणी विचारत नाही. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे की आमच्याकडं विरजणाचा तोटा नाही. ती परतली की काकू मला मिसकॉल देते. शाळेची प्रार्थना व्हायच्या आत तो यायला पाहिजे. आला की मी वर्गात जाते. पोरांना वाटतं मॅडमला फोनचा नाद आहे.

यंदा श्रावणात एक दिवस प्रार्थना झाली तरी मिसकॉल नव्हता. मी फोन केला तेव्हा काकू आमच्या घरी पोचलेलीही होती. आक्का भिंतीकडं तोंड करून निजली होती. "काकू, आज न्हाई जमत," म्हणाली. "वाढलंय." ठरल्याप्रमाणं कुणी रडलं नाही, दादानं गाडी काढली. अठरा दिवस ती भरती होती. मी रोज शाळा सुटली की जात होते. पहिले सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सातव्या दिवशी म्हणाली, "मी सांगाया नको व्हतं." मी विचारलं का. म्हणाली, "सांगितलं म्हनून ऱ्हायले." त्यावर काय बोलायचं हे मला कुठल्याही कॉलेजात शिकवलेलं नाही. मी तिची वेणी घातली.

डॉक्टरांनी सोडताना सांगितलं की हे पुन्हा होईल. किती वेळा, ते त्यांना माहीत नाही. एखाद्या वेळी ती सांगणार नाही, असंही होऊ शकतं, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं.

आम्ही घरी आलो. आक्का हातपाय धुवायला न्हाणीत गेली आणि दारातच थांबली. कडी नव्हती. ती दवाखान्यात असताना दादानं काढून टाकली होती. लाकडात चार भोकं तेवढी राहिली होती. ती दार लोटून आत गेली आणि आतून आवाज आला, कुणी विचारायच्या आधीच, "हाय."

दादा ओट्यावर होता. मी त्याच्यापुढं जाऊन कडीसाठी हात पुढं केला. तो म्हणाला, "तू आठ दिसांतून एकदा येतीस."

"माहीत आहे."

"मी रोज हितं असतो. रोज मला ते दार दिसतंय."

"माहीत आहे, दादा."

त्यानं खिशातून कडी काढली. इतके दिवस ती त्याच्या खिशातच होती. माझ्या हातात दिली, टोपी घातली आणि रानाकडं निघून गेला.

जुनी भोकं सैल झाली होती, स्क्रू धरत नव्हते. काकूनं काड्यापेटीतल्या काड्या मोडून भोकांत ठोकल्या, मग धरले. मी वरून हात घालून दोनदा काढून बघितली. निघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला लातूरची बस होती. आक्का टॉवेल घेऊन न्हाणीत गेली. वैनी चुलीपाशी होती, तिनं मान वर केली नाही. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी दारापाशी पायरीवर बसले. मी हाक मारली नाही, तिनं ओ दिली नाही. आत तांब्या बादलीला लागत होता, पाणी पडत होतं, मधे थांबत होतं, पुन्हा पडत होतं. फाट्यावरून बस गेल्याचा हॉर्न ऐकू आला. मी तिथंच बसून राहिले.